अधिक-उणे

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
टायरवाल्याच्या डोक्यावर आमची प्रयोगशाळा.
बाहेर सेहेचाळीस, आत वीस.
वीस म्हणजे नुसतं वीस नव्हे: अधिक-उणे अर्धा.

मेटकरींनी फडक्यातून पितळी वजन काढलं, शंभर ग्रॅमचं,
आणि काट्यावर वाकून बघायला लागले.
"बोलू नका," मी म्हटलं, "श्वासही जरा तिकडे सोडा."
तोंडच्या वाफेने शेवटचा आकडा चळतो,
खालून सिमेंटचा ट्रेलर गेला तरी चळतो.

चिमट्याने उचलायचं, ठेवायचं, थांबायचं.
शंभर दशांश शून्य शून्य दोन.
शून्य शून्य एक.
शून्य शून्य तीन.
पुन्हा दोन.
एकच वजन, एकच काटा, हातही तोच,
आणि दहा वेळा विचारलं तर तीन-चार उत्तरं.
ही लबाडी नव्हे.
लबाड काटा दर वेळी तेच सांगतो.

मग हिशेब. हाताचा थरकाप एका ओळीत,
आमच्याच प्रमाण वजनाबद्दलची शंका दुसऱ्या,
हवेने उचलून धरलेला अंश,
शेवटच्या आकड्याची आखूड नजर.
शंका सरळ मिळवायच्या नसतात.
वर्ग करायचे, वर्गांची बेरीज, बेरजेचं मूळ:
तीन आणि चार इथे सात होत नाहीत, पाच होतात,
कारण सगळ्या चुका एकाच दिवशी
एकाच बाजूला सहसा झुकत नाहीत.
(हे मला लग्नाआधी कुणी सांगायला हवं होतं.)
शेवटी दोनाने गुणायचं, छापायचं.

मेटकरींनी दाखला खिडकीपाशी धरला.
"हे काय वो मॅडम? अधिक-उणे तीन मिलिग्राम?
पुसा की हे. गिऱ्हाईक म्हणंल वजनच खोटं.
आन् विश्वास पंच्याण्णवच?
पाच टक्के कुठं सांडला?"

विट्याकडचा गलाईवाला,
तेवीस वर्षं रोल्याच्या मागच्या गल्लीत सोनं गाळतोय.
त्याचे कान मी काय टोचणार?
तरी म्हटलं, "जत्रेत कडी टाकायचा खेळ असतो ना,
साबणावर, बिस्किटाच्या पुड्यावर?
खरं वजन म्हणजे तो पुडा. जागचा हलत नाही.
हलते ती कडी, म्हणजे आम्ही.
शंभर टाकल्या तर पंच्याण्णवच्या आसपास
पुड्याला वेढून पडतात.
फक्त आमचा खेळ अंधारातला.
पडली कुठे ते दिसत नाही,
हाताची सवय तेवढी माहीत."

मेटकरी वजन फडक्यात गुंडाळत राहिले. मग,
"आमचं वडील गुंजांनी जोखायचं.
आठ गुंजांचा मासा, पर गुंज गुंजंसारखी कुठं असती?
एक भरीव, एक पोचट.
म्हणून सोनं देताना एक गुंज सोडून द्यायचं,
घेताना एक जादा धरायचं.
आई भांडायची.
म्हणायचं, ही आपल्याला कळत न्हाई त्याची."

एक गुंज म्हणजे साधारण एकशेएकवीस मिलिग्राम.
मी मनात भागाकार केला:
माझ्या तिनाच्या चाळीसपट.
आमच्या पुस्तकात याला सुरक्षा-पट्टा म्हणतात,
त्यावर अख्खं प्रकरण आहे, उदाहरणांसकट,
आणि परीक्षेत मी ते ऑप्शनला टाकलं होतं.

"ऱ्हाऊ द्या मग तीन," ते म्हणाले.
दाखल्याची चौपदरी घडी शर्टाच्या खिशात.
जिन्यात त्यांच्या चपला बराच वेळ ऐकू येत होत्या.

या आठवड्यात मी वीस दाखल्यांवर सही केली.
त्यातल्या एखाद्यात पुडा कडीबाहेर राहिला असणार.
कुठल्या, ते मला कळायचं नाही,
फोन यायचा नाही, तक्रार यायची नाही,
कुणाच्या तरी बांगडीत ते मुकाट राहील.

एकविसाव्यावर सही केली.
तोंड काट्यापासून वळवलं
आणि श्वास सोडला.