मे महिन्याचा चौकोन

व्हर्लाकडे चाऱ्याच्या दुकानातून फुकट मिळालेली
एकेचाळीस कॅलेंडरं आहेत, खिळ्याला, एकावर एक.
प्रत्येकात, मेच्या कुठल्या तरी चौकोनात,
एकच शब्द: हिरवं.
म्हणजे त्या दिवशी मेंढवाड्यामागच्या अ‍ॅस्पेनांना पान फुटलं.
ओढ्यापलीकडच्यांना आठ दिवस उशीर.
ती दोन वेगळी घराणी, ती म्हणते,
त्यांची मुळं एकमेकांना ओळखत नाहीत.

मी युटाच्या या पठारावर बर्फ मोजायला येतो.
अ‍ॅल्युमिनियमची नळी खुपसायची, वजन करायचं, आकडा कळवायचा.
फेब्रुवारीत तिनं एका खोडावर तळवा घासला
आणि पांढरी भुकटी माझ्या नाकाला फासली.
ऊन लागेल, म्हणाली.
भुकटीखाली साल हिरवट होती.
पानं नसताना झाड सालीवर भागवतं;
आणि त्या सालीवर एल्क भागवतात,
खोडांना कमरेइतके काळे ओरखडे.
फांद्या गळाल्या तिथे डोळे राहिलेत.
ते कुणाकडेच बघत नाहीत, बरं वाटतं.

जुलैत आवाज.
वारा नाही, धुळीचा कण जागचा हलत नाही,
आणि वर सगळं सळसळतंय,
घरच्या पिंपळासारखं, पण जास्त घाईत.
एक पान तोडून बघितलं: देठ चपटा, पट्टीसारखा,
उभा धरला की एकाच बाजूला लवतो.
पानावर अळीनं चंदेरी रेघ ओढलेली,
वळत, वळत, कुठेच न पोचणारी.
एलेउतेरिओ पेरूहून आलाय, नऊशे मेंढ्या, दोन कुत्री.
टेकडीच्या एकाच दगडावर त्याच्या फोनला रेंज येते.
जुन्या मेंढपाळांची नावं खोडांवर आहेत,
तू का नाही कोरत, मी विचारलं.
माझं नाव फार लांब आहे, म्हणाला,
झाड पुरायचं नाही.

ऑर्व्हिलचं पुरलं होतं.
व्हर्लाचा भाऊ, चौदा वर्षांचा, १९५८, खिशातला चाकू.
चाकूची रेघ दोऱ्याएवढी असते.
मग झाड जाड होतं आणि रेघ त्याच्याबरोबर,
काळी, खरबरीत, बोटभर रुंद.
त्याच्या नावातला गोल आता
माझी मूठ मावेल एवढा झाला होता.
बाकीची अक्षरं वाचायची तर
आधीच माहीत असावी लागत.

ऑक्टोबरात गाड्या येतात. दारं उघडतात, फोन वर जातात.
डोंगर पेटल्यासारखा पिवळा,
आणि व्हर्ला पाठ करून लाकडं रचत असते.
कॅलेंडरात पिवळं कुठेच नाही.
ते कुणीही बघतं, ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या वादळात ऑर्व्हिलचं झाड गेलं.
तिनं नेवाडाला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर.
तुझं झाड पडलं.
बराच वेळ नुसती खरखर. मग:
कुठल्या बाजूला?
ओढ्याकडे.
मग बरं. मेंढवाडा वाचला.
आणि दोघं लोकरीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

जूनमध्ये त्या बुंध्याभोवती कोंब होते.
साठपर्यंत मोजले, मग सोडलं.
गुडघ्याएवढे, पानं मात्र तळहाताएवढी,
लहान पोरानं मोठ्याची टोपी घालावी तशी.
एल्कांना हे फार आवडतात.
तिनं तारेचं भेंडोळं आणलं, मी खांब धरले,
एलेउतेरिओनं हातोडा तिच्या हातातून हळूच काढून घेतला.
तिनं दिला.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा
यंदाचं कॅलेंडर बघितलं. एकोणीस मे.
जुन्यांत तिचं अक्षर ताठ, शाळामास्तरणीचं.
यंदा ते भिंतीवर चालणाऱ्या मुंगीसारखं,
वर, खाली, थांबून पुन्हा वर,
आणि शेवटची रेघ चौकोन ओलांडून
वीस तारखेत गेलेली.