मिनिटाला एकशे वीस

आमचं घर पूर्वेला कलतं आहे.
खालचा कोळसा मीच काढला, सव्वीस वर्षं,
तेव्हा तक्रार कुणाकडे करू?
बिटॉममध्ये भिंतीला ओळंबा लावत नाही कुणी.
मी माशांच्या टाकीवर, पाण्याच्या पातळीशी रेघ मारून ठेवतो.
पाणी सरळ राहतं, रेघ तिरपी होत जाते.
यंदा चार मिलिमीटर.

त्या रेघेपाशीच मंगळवारी दिसली
थोरली,
तोंड वर, पंपाच्या धारेखाली,
खिडकी शोधत असल्यासारखी.
केशरी अंगावरचा पांढरा पट्टा कडेला विरघळलेला.
कोळंबीचा चुरा समोरून गेला, तिने पाहिलाही नाही.
धाकटा मागे मागे.

खाणीत मला आधी दिवा वाचायला शिकवलं होतं:
ज्योतीवर निळी टोपी चढली
की बोलायचं नाही, मागं फिरायचं.
म्हणून हात पाण्याबाहेर ठेवले आणि बघत बसलो.
मीठ सांडावं तसे ठिपके? नाहीत.
खोलीत अंधार केला, डोक्यावरचा जुना दिवा तिरका धरला:
सोनेरी भुकटी? तीही नाही.
गेर्टाने चष्मा पुसला, वाकली, म्हणाली,
"दुधावर साय धरते ना, तशी आहे."

साय. डोक्यापासून सुरू होऊन मागे लोंबणारी.
रोगाचं खरं नाव माझ्या जिभेवर वळत नाही,
आम्ही सायरोगच म्हणतो.

ती कल्ल्यांची उघडझाप मोजायला बसली, मी घड्याळ धरलं.
एकशे वीस.
मग सवयीने तिने माझेही श्वास मोजले.
"तुझं बरं आहे," म्हणाली.
आकडा सांगितला नाही.

औषध दुकानात मिळेना.
तिसऱ्या मजल्यावरची वेरोनिका इस्पितळात काचपट्ट्या रंगवते,
तिने संध्याकाळी आणली बोटाएवढी तपकिरी बाटली.
"खिडकी उघडा. थेंब मोजून घाला. नाकाशी नेऊ नका."
बूच काढलं
तर वास ओळखीचा.
गेल्या वर्षी माझ्या फुप्फुसाचा हरभऱ्याएवढा तुकडा
याच फॉर्मलिनमध्ये बुडवून ग्लिविसला पाठवला होता.
काळा होता म्हणे. मी पाहिला नाही.

बाहेर उणे अकरा, खिडकी सताड.
गेर्टा दोन कोट घालून स्वयंपाकघरात,
पायाशी बादली, बादलीत हीटर, हवेची नळी,
आणि दोघंही, कारण एकाला झाला तो दोघांनाही.
पंचविसाव्या मिनिटाला थोरली आडवी झाली.
"काढू?"
"थांब."
"अगं, मरेल."
"थांब म्हटलं ना."
चाळिसाव्याला अंगावरून काहीतरी सुटलं,
भिजलेल्या कागदासारखं, आणि पाण्यात तरंगत राहिलं.
तासाला पाच मिनिटं कमी असताना मीच हरलो.
जाळी नको, वाडग्यानेच उचललं, स्वच्छ बादलीत सोडलं.

रात्री गेर्टा म्हणाली,
"ती गेली तर हा धाकटाच मादी होतो. वाचलंयस ना?"
"आणि मी गेलो तर?"
"तर बादल्या मी उचलीन.
आत्तासुद्धा मीच उचलते."

मोठी टाकी आता सहा आठवडे माशांवाचून.
रोगालाच उपाशी ठेवायचं.
आत समुद्रफूल एकटंच उघडतं, मिटतं.
समुद्र मी दोनदा पाहिला, दोन्हीदा पावसात,
आणि तो असा मुळीच नव्हता.

पाचव्या दिवशी थोरलीने चुरा तोंडात घेतला,
थुंकला. धाकट्याने तो पळवला.
मग तिने दुसरा घेतला, आणि ठेवला.
ब्याऐंशी, मी म्हणालो.

गेर्टाने घड्याळ खाली ठेवलं नाही,
माझ्याकडे वळली.
आकडा कमी यावा म्हणून मी श्वास दाबून धरतो.
तिला कळतं.
ती मोजतच राहते.