चाळीस हर्ट्झ

लाल बटण दाबलं
आणि तोंडातून निघालं, "हॅलो गाईज".
थांबवलं. पुसलं.
जुना जालना, माडीवरची पत्र्याची खोली,
इथं कोण गाईज?
पुन्हा दाबलं. "राम राम मंडळी, मी रत्नदीप..."
तेही पुसलं,
जावळाचं आवतण दिल्यासारखं वाटलं.
तिसऱ्यांदा बोललोच नाही,
सरळ खुर्ची दाखवली.

खुर्ची तय्यबभाईच्या भंगारातली,
पलटी झालेल्या एका जीपची.
तिच्या बुडाशी चार बोल्टांनी कसलेला शेकर,
वाटीएवढा, कागद नसलेला स्पीकर म्हणा,
ज्याला हवा हलवायची नाही, हाडं हलवायचीत.
ॲम्प्लिफायर आमच्याच दुकानातला.
कुणाच्या तरी वरातीत जळाला होता,
न्यायला कुणी आलं नाही, मी उठवला.

आता गाडी ट्रॅकच्या लाल-पांढऱ्या कडेवर चढली
की आधी मांडीला कळतं, डोळे मागाहून येतात.
गिअर पडला की पाठीत टिचकी.
ब्रेक आवळून चाक घसरलं
तर तळपायाखाली तुराट्या मोडतात.
हे सगळं बोललो, अर्धा तास, घाम पुसत (फॅन बंद, माईकमध्ये येतो),
आणि एडिट करताना ध्यानात आलं:
मोबाईलच्या स्पीकरला चाळीस हर्ट्झ काढताच येत नाही.
बघणाऱ्याला काय दिसणार?
एक माणूस. खुर्चीत. गप्प.
हिवताप भरल्यासारखा.

दोन दिवस नुसता बसून होतो.
मग स्वयंपाकघरातून परात आणली,
मूठभर मालदांडी टाकली,
परात सीटवर ठेवली आणि नॉब फिरवला.
विसाला दाणे कुजबुजले.
तिसाला कडेला सरले, मधोमध रिकामं खळं.
चाळिसाला उठले,
खरंच उठले,
पंगतीत वाढपी दिसल्यावर पोरं उठतात तसे.
आई दारात. "धान्यासंग खेळ करू नये," म्हणाली,
पण गेली नाही.
खालून द्रौपदाबाई ओरडल्या,
"अरे, माझ्या मांडणीवरचे डबे चालायलेत!"
ते व्हिडिओत तसंच ठेवलंय.
दोन मिनिटं चौदा सेकंदांनी ऐका.

आप्पा रोलिंग मिलमधून आले.
सळईच्या धडधडीत एकोणीस वर्षं.
आता त्यांना हाक मारायची तर दिवा लावून विझवायचा.
मी खुणेनं म्हटलं, बसा.
हेडफोन दिला, त्यांनी बाजूला ठेवला.
गाडी पहिल्याच वळणाला गवतात गेली,
त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही.
डोळे मिटले, उजवा तळवा सीटखाली सपाट लावला,
आणि बराच वेळ तसेच.
मी म्हटलं, झोपले.
"डावीकडचा मागचा नट ढिलाय," ते मोठ्यानं म्हणाले,
स्वतःचा आवाज न ऐकणारा माणूस बोलतो तसं.

पाना लावला. अर्धा आटा.
आठवडाभर मी फिल्टर बदलत होतो,
आलेख काढत होतो,
सॉफ्टवेअरला शिव्या देत होतो.

मिलच्या जुन्या पट्ट्याचे चार तुकडे
दुसऱ्या दिवशी त्यांनीच डब्याच्या पिशवीतून आणले,
पायांखाली घातले.
द्रौपदाबाईंचे डबे जागेवर बसले.

व्हिडिओ रात्री टाकला.
सकाळपर्यंत अकरा जणांनी पाहिला,
त्यात चारदा मीच.
आप्पांचा भाग त्यात नाही,
"माझं थोबाड नको," म्हणाले.

ज्वारी आईनं पाखडून परत डब्यात भरली.
एक दाणा मात्र ॲम्प्लिफायरच्या पंख्यात राहिलाय,
टिक टिक करतो. काढायचाय.

काल पाळीला निघायच्या आधी
आप्पा पुन्हा येऊन बसले, डबा मांडीवर.
खुणेनं सांगितलं, गेम नको,
नुसतं इंजिन चालू ठेव, उभ्या गाडीचं.
दहा मिनिटं.
मी कॅमेरा उचलला होता,
ठेवून दिला.
दुसऱ्या भागाचं नाव तेवढं वहीत लिहिलं:
आधी नट बघा.