चावी

चर्च कधी उघडतं, असं कुणाला विचारायचं नसतं.
पाणवठ्याच्या उजवीकडे तिसरं घर, द्योलिंदाचं.
पिठाचे हात एप्रनला पुसत
ती खिळ्यावरून उतरवते वीतभर लोखंड.
म्हणते, ‘चाब.’
लिस्बनकडचे म्हणतात ‘शाव्ह’;
या डोंगरात अजून ‘च’ शिल्लक आहे.
हाच शब्द माझ्या आईच्या कनवटीला असायचा,
कपाटाचा.
हे तिला कसं सांगू?

सांव मामेदचं हे देऊळ
(असंच आलं तोंडात, राहू दे)
आठशे वर्षांचं, काळ्या दगडाचं, गोठ्याएवढं.
दाराजवळच्या चिऱ्यांवर पाथरवटांच्या खुणा:
एक बाण, एक अर्धा चंद्र, एक कोंबड्याचा पाय.
जितके दगड, तितका पगार.
पगारही तिच्याच भाषेतून आलेला,
आमच्याकडे महिनाअखेरीस उगवतो.
कोंबड्याचा पायवाला आळशी असणार,
उत्तरेच्या अख्ख्या भिंतीत त्याचे अकरा.

आत ओल. मेणाचा वास.
सोनं असेल, चित्रं असतील, म्हणून मी मान वर करते.
वेदीमागे नुसती भिंत.

‘बापाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.
शहरातून टोप्या घातलेले साहेब आले.
म्हणाले, हे चर्च मध्ययुगातलं आहे,
तुम्ही लोकांनी ते बिघडवलंय.
मग आमचा चुना खरवडला,
गाणाऱ्यांचा माळा पाडला,
सोन्याची वेदी उतरवली.
सोनं कसलं! चेस्टनटचं लाकूड, वर नखाएवढा वर्ख.
पण त्या वर्खासाठी दोन वर्षं
अख्ख्या गावानं डुकरं विकली होती, कधीकाळी.
फळ्या गाडीत भरायला बापच होता, रोजावर.
आत्या रस्त्यात आडवी झोपली.
तिला उचलून कडेला ठेवली. बैल गेले.’

‘मग?’

‘मग काय. चर्च जुनं झालं.’

आता नऊ गावांना मिळून एक पाद्री.
महिन्यातून एकदा येतो,
त्याची गाडी चढावर तापते.
पोरं फ्रान्सात, दुसऱ्यांची घरं बांधतात.
घंटा द्योलिंदाच वाजवते,
कुणी मेलं तर, आणि गारांचे ढग आले तर.

कुलूप लावून ती घराकडे वळत नाही.
शेताच्या कडेला मक्याचं कोठार,
उंदीर चढू नयेत म्हणून दगडी पायांवर उभं.
त्याला चावी नाही, नुसती खुंटी.
कणसं बाजूला सारते, कोपरापर्यंत हात घालते,
आणि ओढून काढते
एक देवदूत.
म्हणजे त्याचं डोकं, गाल, एका पंखाचा तुकडा;
उरलेला वाळवीनं नेलेला.
त्या दिवशी बापानं सदऱ्यात लपवलेला.

मी कॅमेरा काढते. ती मान हलवते.
‘हा मध्ययुगातला नाही,’ म्हणते,
आणि अंगठा ओला करून
त्याच्या नाकावरचा कोंडा पुसते.