बोटभर तेल

शिरोलीत हायवेच्या कडेला आमचं यार्ड.
खाली सिमेंटची फरशी, तेल मुरू नये म्हणून.
फरशीला उतार, उताराच्या टोकाला खड्डा,
खड्ड्यात साठलेलं काळं मोजून
वहीत लिहायचं, हे माझं काम.

अब्बांच्या उचगावच्या वखारीत फरशी नव्हती.
नट सैल केला की तेल जमिनीवर,
जमीन पीत राहायची.
मागं ओढा. ओढ्यावर म्हशी यायच्या,
मग यायच्या बंद झाल्या.
"म्हशींचं काय, नखरे," अब्बा म्हणायचे.
इलाही शिकलगार. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरनं
सांगायचे कुठल्या गाडीचा पाटा पडला.
त्यांना एवढं कळलं नसेल
असं मला वाटत नाही.

आज खोंद्रे आलेत.
गारगोटी-कोल्हापूर वडाप, एकोणीस वर्षं.
ट्रॅक्स फिटनेसला दोनदा नापास.
स्वतः चालवत आणली. गेटात बंद पडली.
चौघांनी ढकलून आत घेतली,
पाचवे तेच, स्टिअरिंगला, खिडकीतनं हात घालून.

मी फॉर्म भरते.
आसनक्षमता?
"कागदावरची?"
कागदावरचीच.
"मग लिवा नऊ."
आणि थोड्या वेळानं, मी न विचारता:
"तशी अठरा बसायची बाजारादिवशी.
टपावर फणस, कोंबड्या.
एक डाव मडिलग्याची बाई,
बसली तवा एक हुती, उतरली तवा दोन.
दुसऱ्याचं भाडं घेतलं न्हाई मी."
रकान्यात मी नऊ लिहिलं.

बॅटरी काढली. अ‍ॅसिड निळ्या पिंपात.
कूलंट हिरवं, त्याला वेगळा कॅन.
सीटखाली निघालं ते कुठल्याच यादीत नाही:
दप्तराचं बक्कल, काजूची बी,
पोलिओच्या डोसाचं कार्ड, नाव पुसलेलं.
खोंद्र्यांनी बी तेवढी खिशात टाकली.

मग कटर पेटला.
सतरा अक्षर-आकड्यांची पट्टी चॅसीतनं सुटून
फरशीवर पडली, लालबुंद,
आणि बघता बघता काळी.
"ही द्या मला."
देता येत नाही. सहा महिने कपाटात, कुलपात.
"सा म्हयनं? लोखंडाला कसलं सुतक?"
या नंबराची दुसरी गाडी कुणी उभी करू नये म्हणून,
मी म्हणाले,
आणि वहीत डोकं घातलं.

वखारीत रात्री कानस चालायची.
दोन ट्रकांचा एक व्हायचा,
एकाचे दोन.
मी त्या आवाजावर झोपायची.
माझी बारावीची फी
कुठल्या आकड्यातून घासून निघाली
ते मी विचारलं नाही, आणि वखारीला सील लागलं
तेव्हा अब्बांनीही मला काही विचारलं नाही.
चहा घेऊन उभे राहिले फक्त,
सील लावणाऱ्यांना बशीसकट.

प्रिंटरमधून दाखला आला.
नवीन गाडी घेतलीत तर सवलत आहे, मी सांगितलं.
"कोण घेतंय?
पोरगं पुण्यात बोटानं रिक्षा बोलिवतंय."
दाखल्याची घडी घातली, चार पदरी,
नोटेसारखी. एसटीनं गेले.

दर एक तारखेला फोन.
"हाय न्हवं?"
आहे.
"कपाटातच?"
कपाटातच.
"बरं." बस्स एवढंच.
त्यांची ट्रॅक्स केव्हाच ठोकळा होऊन
दोन प्लॉट पलीकडच्या भट्टीत गेलेली,
धूर माझ्या टेबलावरून दिसतो.
त्यांनी ते कधी विचारलं नाही.

सातव्या महिन्यात फोन आला नाही.
दोन तारीख. तीन.
चार तारखेला मी कुलूप काढून पाहिलं.
पट्टी होती. बाकीच्या पट्ट्यांना गंज,
हिच्यावर कुणीतरी तेलाचं बोट फिरवलेलं,
आकडा न आकडा वाचता येईल असं.

अब्बा शुक्रवारी माझा डबा घेऊन येतात.
किल्ली कुठे असते त्यांना माहीत आहे.

बोटभर तेल.
वहीत लिहायचं राहिलं.