पक्का रंग

दत्त नगरच्या डाय हाऊसात
तेहतीस वर्षं नानांनी हात बुडवले.
जेवायला बसले की बोटांवरून कळायचं
आज कुठल्या चादरीचा लॉट होता.
डाळिंबी असला की आई वाढताना बघायची नाही.

जळजळ तेव्हापासूनची.
खिशात गोळ्यांची पट्टी असायची,
शेठकडून उचल घ्यावी तशी एकेक घ्यायचे,
वर सोडा, वर थंड दूध.
"तिखट लई झालं बे," असं स्वतःलाच,
आणि पुन्हा शेंगाचटणी.
सगळ्या पूर्वभागाचं पोट जळतं,
त्याला काय डॉक्टर.

मी सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये आहे.
लोकांच्या पोटातले तिळाएवढे तुकडे
मेणात बसवते, कापते, पाण्यावर तरंगवते,
काचेवर उचलून रंगवते.
नाना म्हणायचे, म्हणजे तू पण डायिंगमध्येच.
एकदा विचारलं, रंग पक्का का तुमचा?
म्हटलं, माणसापेक्षा जास्त टिकतो.
उगाच बोलले.

मार्चमध्ये एका डबीवर
किष्टय्या राजमल्लू इराबत्ती, पुरुष, एकसष्ट.
स्कोपीच्या खोलीतच सिस्टरनं एक कण
पिवळ्या जेलमध्ये टोचलेला.
रंग फिरला तर जंतू आहे.
घसा बधिर, नानांना बोलता येत नव्हतं,
नजर मात्र जेलवर.
पिवळ्याचा केशरी, केशरीचा राणी.
त्यांनी चार बोटं दाखवली.
चार मिनिटांत.
एवढ्या लवकर रंग धरलेला
त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

सरांच्या आधी मीच बघितलं.
निळे, पिळाचे,
तुटक्या सुताची टोकं असावीत तसे.
हाड विरघळेल अशा आम्लात
स्वतःपुरता अमोनिया करून
बिनभाड्यानं राहिलेले, साठेक वर्षं.
जंतू काही कापत नाही. नुसता राहतो.
अस्तर सुजतं, झिजतं, परत विणतं,
परत सुजतं,
आणि कुठल्यातरी पाळीत
जकार्डचं एक कार्ड चुकीचं लागतं,
जठरात आतड्याचं डिझाईन उतरायला लागतं.
माग थांबत नाही. मागाला काय कळतं.
काच जराशी सरकवली.
तिथं डिझाईनच नव्हतं.

सर म्हणाले, हा निम्म्याहून जास्त लोकांत असतो,
कॅन्सर एखाद्यालाच.
मग नानाच का, हे मी विचारलं नाही.
विचारलं, आत येतो कधी?
लहानपणी. बहुतेक घरातूनच,
तोंडातून तोंडात.

मला आठवत नाही, आई सांगते.
दात नव्हते मला.
कडक भाकरी नाना आधी स्वतः चावायचे,
चटणीचं तिखट सगळं चोखून घ्यायचे,
मऊ, गोडसर झालेला घास
बोटावर घेऊन माझ्या जिभेवर.
बोट कधी निळं, कधी पोपटी.
त्यांच्या आईनं त्यांना तसाच भरवला असणार,
तिला करीमनगराकडून चालत आलेल्या कुणीतरी.

पोटाचा मोठा भाग काढला.
आता दिवसातून सहा वेळा, वाटीभर.
भात चाळीस वेळा चावतात, मोजून,
आणि माझ्याकडे बघून हसतात,
हे काम मला जुनंच आहे म्हणतात.

एप्रिलमध्ये मी पिशवीत फुंकर मारून आले.
चौदा दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ मूठभर.
तोंडाला तांब्याची चव.
कोर्स संपवायचाच, मधे सोडायचा नाही,
एवढं मी लॅबमध्ये रोज लोकांना सांगते.

"तुझं तपासलंस?"
निगेटिव्ह, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत. माझी बोटं बघत राहिले.
इओसिन लागलेलं होतं, गुलाबी,
नखांच्या कडेला, साबणानं न गेलेलं.
"कुठला लॉट?"

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, नळ आला.
पाचव्या दिवसाचं पाणी.
मी कळशी घेऊन उठले.