चार आणे, चार हत्ती

दुंडाप्पाच्या दुकानात कॉमिक भाड्यानं मिळायची,
निपाणीत, जुन्या तंबाखू वखारीच्या मागं,
दिवसाला चार आणे.
कानडीत आने म्हणजे हत्ती,
हे मल्लव्वानं सांगितल्यापासून
मी नाणं मुठीत धरून निघाले की
मागून चार हत्ती चालत यायचे,
गटार आलं की थबकायचे.

पुस्तकं सगळी हुबळीहून रद्दीत आलेली, कानडी.
दुंडाप्पा एकेका फुग्यातल्या अक्षरांवर चुना फासायचा,
वाळला की टाकानं मराठी लिहायचा.
ऱ्हस्व-दीर्घाला तो भीत नव्हता.
अस्वल पोस्टमास्तर : वर कोट, खाली काहीच नाही.
गाढव कंडक्टर.
सुसर दाताच्या दवाखान्यात, आणि डॉक्टरीण कोंबडी,
ती कंदील घेऊन सुसरीच्या तोंडात शिरायची
आणि बाहेर यायचं विसरायची.

आई, शेवंता, जैतुनबी, मल्लव्वा,
मांडीवर सुपं, बोटं थांबायची नाहीत.
मी वाचायचे :
“पत्र आलंय गा तुझं,
पण तंबाखूचा वास मारतंय, उघडू काय?”
शेवंता इतकी हसायची
की हजारात वीस विड्या वाकड्या व्हायच्या
आणि कारखान्यात छाटीत जायच्या.
अस्वलापायी किती मजुरी बुडाली
त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.
“ठेवलाय,” आई म्हणायची, “पुढं वाच.”

कानडीत अस्वलाला करडी.
शेवंता म्हणाली, मग त्याचं तेल निघत असंल.
जैतुनबी हसायची नाही कधी. म्हणाली,
“सरकारी नोकरीत निघतंच की.”

एका वर्षी पाट्यांना डांबर लागलं.
आज ह्यांनी त्यांच्या, उद्या त्यांनी ह्यांच्या.
चार पोरं दुकानात शिरली, हातांना काळं :
ही जनावरं कुठल्या भाषेत बोलतात रे?
दुंडाप्पानं ब्रश खाली ठेवला नाही.
“कंडक्टरला विचारा.”
पोरांनी पान उलटलं.
गाढव गाल फुगवून शिट्टी वाजवत होतं.
एक पोरगं फसकन हसलं,
बाकीच्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.
दुसऱ्या दिवशी ते एकटंच आलं,
मुठीत चार हत्ती.

परवा ट्रंकेत एक कॉमिक सापडलं.
आता मला कानडी येते,
गोकाकला तीस वर्षं संसार केला.
नखानं चुना खरवडला.
खाली अस्वल म्हणत होतं : नमस्कार, पत्र घ्या.
पुढच्या चित्रात : आभारी आहे.
सुसरीचा दात दुखत होता
आणि ती म्हणत होती, दुखतो.
एवढंच.

तंबाखूचा वास,
मल्लव्वाची हरवलेली बुगडी,
जी कोंबडीला सुसरीच्या दाढेत सापडते,
जैतुनबीच्या जावयाचं घोरणं, कंडक्टरच्या तोंडी,
सगळं दुंडाप्पाचं.
त्याला कोण सांगायचं?
मीच असणार,
हनुवटी काउंटरला टेकून,
रोज थोडं थोडं.

शेवटचं पान तेव्हाही नव्हतं.
कोंबडी अजून आतच आहे,
दातांच्या फटीतून कंदिलाचा उजेड दिसतो.
उगाच खरवडलं.
घरात पानाला लावायचा चुना आहे,
चालतो काय बघते.